निघताना म्हणायचा शब्द

"एक तारखेला आम्ही सोहमला सोडायला जातोय, मॅडम. तुमची फाइल बंद करून टाका."

महेश परब माझ्या टेबलासमोर उभे राहूनच बोलत होते. मी खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. शेजारी त्यांची बायको स्नेहल होती. तिने पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरला होता आणि ती माझ्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होती.

"सोडायला म्हणजे कुठे?"

"कर्जतच्या पुढे एक निवासी संस्था आहे. तिथे अशी मुलं ठेवतात."

"अशी म्हणजे कशी?"

"मारणारी," महेश म्हणाले. "मॅडम, तुम्ही एकदा माझ्या आईचा हात बघा. मग बोला."

मी बिहेवियर थेरपिस्ट आहे. परळच्या एका सेंटरमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर काम करते. लोकांना वाटतं, आम्ही मुलांना शिस्त लावतो. शिस्त लावायला घरात माणसं कमी नसतात, त्यासाठी माझी गरज नाही. माझं काम वेगळं आहे. मूल मारतं, चावतं, वस्तू फेकतं, त्यातून त्याला काय मिळतं ते आधी शोधायचं. मग तेच मिळवायचा बरा रस्ता त्याला शिकवायचा. आमच्या भाषेत याला वागण्याचं 'फंक्शन' शोधणं म्हणतात. शब्द मोठा आहे, अर्थ साधा आहे. कुणीही उगाच मारत नाही.

सोहम तेव्हा अकरा वर्षांचा होता. बोलण्यापुरते शब्द मोजके. पाणी, नको, भूक, आणि आत्याला 'आत्तू'. पण सांगितलेलं बरंच समजायचं. आमच्याकडे तो दोन वर्षं येत होता आणि अगदी गुणी मुलगा म्हणून ओळखला जायचा. गेल्या वर्षभरात घरी त्याचं मारणं सुरू झालं आणि वाढत गेलं. सहा वर्षांचं मूल मारतं तेव्हा लोक हसण्यावारी नेतात. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात ताकद असते आणि त्याला आवरणाऱ्या आजीचं वय सत्तरीपुढचं असतं. तिथे हसणं संपतं.

"एक तारखेपर्यंत माझ्याकडे वेळ आहे ना?" मी विचारलं.

"वेळ आहे, पण फायदा काय?"

"ते मी बघते. संस्था काही कुठे पळून जात नाही."

स्नेहलने तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. मुलाला पाठवायचं तिच्या मनात नव्हतं. पण नवऱ्याचं म्हणणं खोडून काढायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याकडेही नव्हतं. माझ्याकडे फक्त हट्ट होता. तो भरपूर आहे.

आमच्या सेंटरचे प्रमुख डॉक्टर लिमये. माणूस चांगला, पण वेळापत्रकाचा भक्त.

"ॲग्रेशनची केस आहे आणि तू होम व्हिजिट मागतेस? त्याला सेंटरवर बोलव."

"सेंटरवर तो मारत नाही, सर."

"मग?"

"म्हणूनच घरी जायचंय. इथे काय नाही आणि तिथे काय आहे ते बघायचंय."

"एक तारखेपर्यंत," सर म्हणाले. "पुढे तो स्लॉट दुसऱ्या मुलाला जाईल. वेटिंग लिस्ट तुला माहीत आहे."

परबांचं घर लालबागला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, आत स्वयंपाकघर, बाहेर गॅलरी. मे महिना होता. सोहमची शाळा बंद. घरात दिवसभर तो आणि आजी. महेश सकाळी लवकर कामावर जायचे, स्नेहलची एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर दुपारची ड्युटी असायची.

आजी दारातच भेटल्या. त्या उकाड्यात अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज.

"आजी, गरम होत नाही?"

"माका गरम होना नाय," त्या मालवणीत म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. त्या बाह्यांखाली काय आहे हे त्यांनी दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्या कामात तीन गोष्टी टिपायच्या असतात. मारण्याच्या आधी काय झालं, मूल नेमकं काय करतं, आणि नंतर त्याला काय मिळतं. घरच्यांना 'आधी' विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. महेश म्हणाले, कुकरच्या शिट्टीने भडकतो. स्नेहल म्हणाली, भूक लागली की. शेजारच्या खोलीतल्या बाई न विचारता सांगून गेल्या की मुलाला नजर लागली आहे. आजी म्हणाल्या, "तो मुद्दाम मारना नाय. त्येका काय व्हया तां सांगाक येना नाय."

मग मी खाटेच्या कडेला बसून राहिले. दुपारी स्नेहल निघाली. "येते हां सोहम," म्हणाली, त्याच्या केसांतून हात फिरवला आणि गेली. सोहम शांत होता. उठून दाराशी जाऊन बसला, उंबऱ्याला पाय लावून. हातात बाटल्यांची झाकणं होती, ती एकमेकांवर रचत होता. आजी भाजी निवडायला बसल्या. सगळं ठीक दिसत होतं. बऱ्याच वेळाने तो पुढेमागे झुलायला लागला. गॅलरीत जाऊन आला. परत बसला. परत उठला. कुकरची शिट्टी तोपर्यंत केव्हाच होऊन गेली होती, तिच्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नव्हतं. मग एकदम आत आला आणि आजीच्या हाताला चावला.

कुणी चावलं की आपण हात मागे ओढतो. तसं करायचं नसतं, कातडी फाटते. हात उलट हलकेच त्याच्या तोंडाकडे न्यायचा, मग जबडा आपोआप उघडतो. मी ते केलं. आजींनी दुसऱ्या हाताने मोबाईल उचलला आणि व्हिडिओ कॉल लावला.

"पल्लवी, बोल गो ह्येच्याशी."

पल्लवी म्हणजे सोहमची आत्या, महेशची धाकटी बहीण. स्क्रीनवर तिचा चेहरा आला. "काय झालं सोन्या? रडू नको. आत्तू येते हां. लवकर येते." सोहमने स्क्रीनला गाल लावला आणि तो शांत झाला.

'नंतर काय' हे मला मिळालं होतं. पल्लवी लग्नाआधी याच घरात राहायची. घरीच ट्यूशन घ्यायची, त्यामुळे सोहम जन्मापासून तिच्या मागेपुढे. वर्षभरापूर्वी लग्न होऊन ती बदलापूरला गेली. मारणं सुरू झालं ते त्यानंतरच. आजीला चावलं की फोनमध्ये आत्या येते, हे त्याला पाठ झालं होतं. घरच्यांनीच पाठ करून घेतलं होतं, मायेपोटी.

संध्याकाळी सगळे घरी आल्यावर मी सांगितलं, "फोन लगेच बंद करू नका. आधी त्याला फोन मागायला शिकवायचं. मारून नाही, वेगळ्या रीतीने. ते जमलं की मग मारल्यावर फोन द्यायचा नाही."

महेशनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून फोन बंदच केला.

नळाला पाणी आलं नाही की आपण काय करतो? तोटी अजून जोरात पिळतो. मुलंही तेच करतात. नेहमीचा उपाय चालेनासा झाला की तोच उपाय दुप्पट जोराने. आमच्याकडे याला 'एक्स्टिंक्शन बर्स्ट' म्हणतात आणि दुसरा रस्ता शिकवल्याशिवाय तो ओढवून घ्यायचा नसतो. त्याच आठवड्यात आजींच्या मनगटाला टाके पडले. मला हे स्नेहलच्या फोनवरून कळलं. मी महेशना असं झापलं की सेंटरमधल्या लोकांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"मी काय करू मॅडम?" महेश म्हणाले. "ती माझी आई आहे. तो माझा मुलगा आहे. कुणाला कुणापासून वाचवू?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागला गेले.

पल्लवीचा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवला आणि सोहमच्या हाताला येईल असा भिंतीला लावला. फोटो काढून मोठ्या माणसाच्या हातात दिला की फोन. मारलं की फोन नाही. सोहमला हे दोन दिवसांत कळलं. मग तो सारखा फोटो आणून द्यायला लागला आणि बदलापूरला पल्लवीच्या नाकी नऊ आले. कपडे वाळत घालतानाही तिचा फोन वाजायचा. मी तिला म्हटलं, सध्या प्रत्येक वेळी उचलायचाच. त्याचा या फोटोवर विश्वास बसू दे, कमी नंतर करू.

मारणं कमी झालं, पण थांबलं नाही. दुपारचं तर तसंच होतं. फोटो भिंतीवर असायचा, सोहम दाराशी बसायचा, आणि काही वेळाने उठून आजीवर जायचा. म्हणजे 'आधी' मला अजून सापडलंच नव्हतं. एक तारीख जवळ येत होती. खाटेखाली मोठी बॅग आली होती.

अशाच एका दुपारी काम संपवून मी निघाले. सोहमला म्हटलं, "येते हां." खाली रस्त्यावर पोहोचल्यावर लक्षात आलं की चष्मा वर टीव्हीजवळ राहिला. परत तीन मजले चढले. सोहम दाराशी बसला होता. मला बघून उभा राहिला. हसला. दोन्ही हात हलवत जागच्या जागी उड्या मारल्या. दोन वर्षांत या मुलाने माझ्या येण्याजाण्याची कधी दखल घेतली नव्हती. त्याने माझा हात धरला, मला आत नेलं, खाटेवर बसवलं आणि स्वतः झाकणांशी खेळायला गेला. काम पूर्ण झाल्यासारखा.

"काय विसारलात?" आजींनी विचारलं.

मी चष्मा उचलायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मी काय म्हणून गेले होते? येते. आणि आले होते.

आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात. जाणारा माणूस 'येतो' म्हणतो आणि घरातला माणूस त्याला 'ये' म्हणतो. यात काही विचित्र आहे असं आपल्याला जन्मात वाटत नाही. पण सोहम शब्दाला शब्द धरणारा मुलगा. 'ये' म्हणजे जवळ येणं हे आमच्याच सेंटरवर आम्ही त्याला महिनोन्महिने शिकवलं होतं. तो शब्द त्याचा पक्का होता.

लग्नाआधी पल्लवी 'येते हां' म्हणून भाजीला जायची आणि थोड्या वेळात परत यायची. तिचं 'येते' खरं व्हायचं. लग्नानंतर ती याच उंबऱ्यावर 'येते' म्हणून गेली, आणि हा दाराशी बसून राहिला. मग कुणीही 'येते' म्हटलं की तो बसायला लागला. वाट बघायचा, आपण जेवढी बघू त्याहून जास्त. कुणी आलं नाही की त्याचं डोकं फिरायचं आणि जवळ असायच्या त्या आजी. घरचे चावण्याच्या आधीची पाच मिनिटं बघत होते. गोष्ट त्याच्या कितीतरी आधी, आई चपला घालत असताना घडलेली असायची. आणि सेंटरवर तो का मारत नाही याचंही उत्तर त्यातच होतं. तिथून कुणी निघून जायचं नाही. तोच जायचा.

पण माझ्या मनात आलं म्हणून ते खरं होत नाही. तपासावं लागतं. सेंटरवर माझी सहकारी ऋतुजा हिला घेतलं. तिने सोहमशी खेळायचं, मग निघून जायचं. एकदा 'येते' म्हणून, एकदा 'जाते' म्हणून. तो बेचैन व्हायला लागला की लगेच थांबायचं. मूल मारायला उठेपर्यंत ताणायचं नाही हा नियम.

'येते' म्हणून ऋतुजा गेली. सोहम खेळणं टाकून दाराशी जाऊन बसला. झुलायला लागला तशी मी तिला परत बोलावलं. आता दुसरी फेरी. ऋतुजा दाराशी गेली आणि नुसतीच उभी राहिली.

"म्हण की."

"मॅडम, बाकी काहीही सांगा. 'जाते' म्हणायला जीभ वळत नाही. घरी आई आजारी आहे."

ही मुलगी सायकॉलॉजीची एम.ए. मी कपाळाला हात लावला. मग मीच खेळायला बसले, मीच 'जाते' म्हणून बाहेर गेले. काचेतून बघितलं. सोहमने दाराकडे एकदा बघितलं आणि तो पुन्हा खेळायला लागला. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळी माणसं घेऊन करून बघितलं. प्रत्येक वेळी तेच.

परबांच्या घरी मी हे सांगायला गेले तेव्हा महेश हसले. "एवढ्या एका शब्दासाठी? मॅडम, सगळी दुनिया 'येतो' म्हणते."

"सगळ्या दुनियेला त्याचा अर्थ कळतो. तुमच्या मुलाला तो खरा वाटतो."

"मग 'टाटा' म्हणू."

"टाटा म्हटलं की तो काय करतो?"

स्नेहल म्हणाली, "चपला घालून दाराशी येतो. त्याला फिरायला नेताना टाटा म्हणतो ना आपण."

"मग बाय?" महेशनी विचारलं.

यावर कुणी बोलायची गरजच नव्हती. आजी घरातल्या प्रत्येक बाईला दिवसभर 'गो बाय' म्हणून हाक मारायच्या. 'जाऊन येते' हेही चालण्यासारखं नव्हतं, कारण तो शेवटचा शब्द धरायचा. राहिलं एकच. जाणाऱ्याने 'जाते' म्हणायचं. दाराशी एक पट्टी लावायची, वरचा भाग 'घरी', खालचा 'गेली'; जाताना आपला फोटो वरून काढून खाली चिकटवायचा. परत आल्यावर वर लावायचा.

"मी म्हणेन," स्नेहल लगेच म्हणाली.

आजी आता म्हणाल्या, "सून म्हणात, झिल म्हणात, माझी ना नाय. पण माझा चेडू ह्या उंबऱ्यार 'जातंय' म्हणाचा नाय. लगीन होवन पुरती दोन वर्सा झाली नाय."

"आजी, सगळ्यात जास्त तुमच्या लेकीनेच, पल्लवीनेच म्हणायला हवं. तो तिचीच वाट बघतो."

"नाय."

"टाके कुणाच्या हाताला पडलेत?"

"माझ्या. माका चलता."

मला राग आला होता आणि तो माझ्या तोंडावर दिसत असणार. पण माझ्याआधी स्नेहल बोलली. लग्न होऊन आल्यापासून ती सासूसमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती, असं महेशनीच मला नंतर सांगितलं.

"आई, तुम्हाला टाके चालतात. सोहम या घरातून गेलेला चालेल? तो जाताना काय म्हणायचं तुम्ही? तेव्हा पण 'ये' म्हणायचं?"

आजी उठल्या आणि आत जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं. विषय तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी स्नेहलने दारात उभं राहून 'जाते' म्हटलं आणि फोटो खाली लावला. गॅलरीतल्या बाईंनी ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत मजलाभर बोलणं झालं, की परबांच्या सुनेला उलटं बोलायला शिकवलंय. स्नेहलने ते कानामागे टाकलं. सोहम त्या दुपारी दाराशी बसला नाही. पट्टीकडे बघून आला, झाकणं घेऊन खाटेवर गेला. आजींनी त्या दिवशी पहिल्यांदा अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घातला होता. जुने व्रण तेव्हा मी पाहिले.

पण महेशना एवढ्याने पटण्यासारखं नव्हतं आणि त्यात त्यांची चूक नव्हती. "स्नेहल, आई यांच्या जाण्याचं ठीक आहे," ते म्हणाले. "खरी मारामारी पल्लवी येऊन गेली की होते. एक तारखेच्या आधीच्या रविवारी ती येतेय. ती गेल्यावर त्याने आईला हात लावला नाही, तर संस्थेला मी स्वतः नाही म्हणून कळवतो. लावला तर मॅडम, तुम्ही मध्ये यायचं नाही."

"कबूल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रविवारी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. पल्लवी सकाळपासून आली होती. सोहम तिच्या मांडीला मांडी लावून बसला होता. निघायची वेळ झाली. तिचा नवरा खाली रिक्षा बघायला गेला. मी तिला फोनवर सगळं चार वेळा समजावलं होतं. तिने चपला घातल्या, पट्टीवरच्या स्वतःच्या फोटोला हात लावला, आणि तोंडातून निघालं, "ये..."

तिने ओठ चावला. सोहमने मान वर केली.

"मला नाही जमत," पल्लवी म्हणाली. ती रडायला लागली होती. "आईच्या घरातून 'जाते' कसं म्हणू?"

सोहम उठला होता. तो दाराशी आला, उंबऱ्याला पाय लावून बसायला लागला. महेश माझ्याकडे बघत होते. मी मध्ये यायचं नाही असं ठरलं होतं. आता तो बसला की पुढचं सगळं मला माहीत होतं.

आजी आतून हात पुसत आल्या. त्यांनी पल्लवीच्या कपाळाला कुंकू लावलं, रीतीप्रमाणे. मग तिच्या तोंडाकडे न बघता म्हणाल्या, "जा गो बाय. मी म्हणतंय, जा."

सत्तर वर्षांत त्यांनी लेकीला काय, दारातल्या भाजीवालीलाही तो शब्द म्हटला नसेल.

"जाते, सोहम," पल्लवी म्हणाली. फोटो खाली लावला आणि मागे न बघता जिना उतरली.

सोहमने पट्टीकडे बघितलं. फोटो काढला आणि वर 'घरी' मध्ये लावला. आजींनी तो काढून खाली लावला. "गेली," म्हणाल्या. त्याने परत वर लावला. त्यांनी परत खाली. "गेली, बाबू." तो ओरडला. स्वतःच्या मांडीवर मारून घेतलं. आजीच्या समोर हात उगारून उभा राहिला. महेश पुढे झाले, स्नेहलने त्यांचा शर्ट धरला. आजी हलल्या नाहीत. सोहमचा हात वर राहिला, मग खाली आला, पट्टीवरचा फोटो त्याने ओरबाडून काढला आणि आजीच्या हातात कोंबला.

फोटो हातात दिला की फोन, हे ठरलेलं होतं; फोन लावला गेला. पल्लवी रिक्षात होती. तिने नाक पुसत सांगितलं, "मी गेले, सोहम. शनिवारी परत." स्नेहलने भिंतीवरच्या कॅलेंडरवर शनिवार दाखवला. सोहम जमिनीवर आडवा झाला आणि रडला. खूप रडला. मी कुणालाही त्याला गप्प करू दिलं नाही. रडणं हा आमच्या प्लॅनमध्ये प्रॉब्लेम नव्हता. आत्या गेली तर रडू येतंच. इतके दिवस त्याला ते रडायची सोय नव्हती, कारण त्याच्या हिशेबी ती गेलेलीच नव्हती.

रडता रडता तो तिथेच झोपला. महेशनी खाटेखालची बॅग ओढली, तिच्यातली चादर काढली आणि त्याच्या अंगावर घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेला 'नाही' म्हणून कळवलं.

सोहम काही देवदूत झाला नाही. दात दुखला की, ताप आला की अजून हात उगारतो. आमच्या धंद्यात 'बरा झाला' असा शब्द मी वापरत नाही. पण तो घरी आहे, लालबागला आहे. डॉक्टर लिमयेंनी रिपोर्ट वाचून विचारलं, "नेमकं बदललंस काय?" मी म्हटलं, "एक क्रियापद, सर." त्यांनी तो स्लॉट सोहमकडेच ठेवला.

पुढे काही महिन्यांनी मी आजींना विचारलं, की आता तो शब्द म्हणताना जड जातं का.

"मोठ्यान 'जा' म्हणतंय," आजी म्हणाल्या. "मनात 'ये' म्हणतंय. मनातला त्येका ऐकाक येना नाय."

सेंटरवर नव्या मुली कामाला लागतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना एवढंच सांगते. समोरचं मूल तुमच्या मनातलं ऐकत नाही, तोंडातलं ऐकतं. त्याचं वागणं सुधारायला घेण्याआधी आपण काय बोलतो ते तपासा. बहुतेक जणी मान डोलावतात, वहीत लिहून घेतात, आणि दाराशी जाऊन म्हणतात, "येते हां, मॅडम."